दोघांपैकी एकालाच

मधुमेहाच्या दवाखान्यात पहिल्या भेटीला जो कागद भरून घेतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो: घरात आणखी कुणाला शुगर आहे का? उत्तर बहुतेकांच्या जिभेवरच असतं. आईला होती, मामांना आहे, आजोबांचा तर पाय कापावा लागला. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे काही जण अपराध्यासारखं सांगतात, तर काही जण सुटल्यासारखं. घराण्यावर ढकललं की बैठं काम, रात्री दहाचं जेवण आणि सुटलेलं पोट यांच्यावरचा आरोप आपोआप सौम्य होतो. डॉक्टर मान हलवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

पण घराण्यात नेमकं काय असतं? आईवडिलांकडून मुलाला जनुकं मिळतात, तशी जेवायची वेळही मिळते. ताटात किती भात वाढायचा याचा अंदाज मिळतो, चालायला जाण्याची किंवा न जाण्याची सवय मिळते, घरातली सुबत्ता किंवा ओढाताण मिळते. रक्त आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली नांदत असतं. त्यामुळे चार पिढ्यांची वंशावळ कितीही बारकाईनं काढली तरी मधुमेह रक्तातून आला की स्वयंपाकघरातून, हे तिच्यावरून ठरत नाही.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या अलीकडच्या पायरीवर आहेत. राज्यांमध्ये गोवा सगळ्यांत वर आहे: तिथल्या प्रौढांपैकी २६.४ टक्के. एवढ्या लोकांना आपण काय सांगायचं? नशिबात होतं म्हणून झालं, की टाळता आलं असतं? हे पुस्तक या प्रश्नाकडे एका विशिष्ट वाटेनं जातं आणि ती वाट जुळ्या भावंडांची आहे. वाट आकर्षक आहे आणि फसवीही. ती कुठे फसवते हे आधी सांगितलेलं बरं, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

जुळ्यांकडे संशोधकाच्या नजरेनं पाहावं हे पहिल्यांदा ठळकपणे सुचवलं ते फ्रान्सिस गाल्टननं, १८७५ साली. जन्मजात काय आणि संगोपनातलं काय हे जुळ्यांवरून वेगळं करता येईल, असं त्याला वाटलं. याच गाल्टननं माणसांची ‘पैदास’ सुधारण्याचा विचार मांडला आणि त्या विचाराची विषारी फळं विसाव्या शतकानं चाखली, हे विसरून चालणार नाही. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेचा ओटमार फॉन फेरशुअर हा जुळ्यांच्या संशोधनातला मोठा माणूस मानला जाई. त्याचाच शिष्य जोसेफ मेंगेले आउशवित्झच्या छावणीत जुळी मुलं निवडून बाजूला काढत असे. जुळ्यांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना अनेक पाठ्यपुस्तकं हा भाग गाळतात. मला ते पटत नाही. ज्या शास्त्राला ‘हे जन्मतःच ठरलेलं आहे’ असं म्हणायचा मोह होतो, त्या शास्त्रानं तरी तो भाग स्वतःच्या नजरेआड करू नये.

पद्धतीला आजचं रूप आलं १९२४मध्ये. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हेरमान सीमेन्स यानं त्वचेवरचे तीळ मोजताना दोन प्रकारच्या जुळ्यांची तुलना केली. एका फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली ती एकबीज जुळी. त्यांचा जनुकसंच जन्माच्या वेळी जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. दोन वेगळी बीजं एकाच वेळी फळून झालेली ती द्विबीज जुळी. त्यांच्यात जनुकांचं साम्य कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकंच, म्हणजे सरासरी निम्मं. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच गर्भाशयात, एकाच घरात, एकाच वर्षी वाढतात. म्हणजे परिस्थितीचं साम्य दोन्हीकडे सारखंच, असं धरायचं. मग एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा जितक्या जास्त मिळत्याजुळत्या, तितका जनुकांचा हात मोठा. दोन साम्यांतला फरक हा जनुकांच्या निम्म्या प्रभावाचा, म्हणून त्याची दुप्पट करायची. गणित शाळकरी आहे. ‘असं धरायचं’ हे दोन शब्द मात्र शाळकरी नाहीत, त्यांच्याकडे आपल्याला परत यावं लागेल.

मधुमेहात या पद्धतीनं पहिला मोठा धक्का दिला तो लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये. डॉ. डेव्हिड पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून ब्रिटनभरच्या डॉक्टरांकडून अशी एकबीज जुळी मिळवायला सुरुवात केली, ज्यांच्यापैकी निदान एकाला तरी मधुमेह आहे. १९७२मध्ये रॉबर्ट टॅटरसॉल आणि पाइक यांनी ९६ जोड्यांचा अहवाल दिला, १९८१पर्यंत जोड्या २०० झाल्या. त्या काळी मधुमेह हा मुळात एकच आजार, लहानपणी झाला तर तीव्र आणि उतारवयात झाला तर सौम्य, अशी समजूत बरीच पसरलेली होती. मग ओघानंच असंही वाटे की कोवळ्या वयात, इन्सुलिनशिवाय जगूच देत नाही असा जो मधुमेह होतो, तो रक्तातून आलेला असणार. आणि पन्नाशीत, वजन वाढल्यावर होतो तो राहणीमानाचा.

आकडे नेमके उलटे आले. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या, म्हणजे आज ज्याला आपण टाइप १ म्हणतो त्या मधुमेहाच्या १४७ जोड्यांपैकी ८० जोड्यांत दोघांनाही आजार होता आणि ६७ जोड्यांत एकालाच. उतारवयातल्या, आजच्या टाइप २ मधुमेहाच्या ५३ जोड्यांपैकी मात्र तब्बल ४८ जोड्यांत दोघंही मधुमेही. पोट सुटलेल्यांचा म्हणून ज्याची हेटाळणी व्हायची, तो आजार जुळ्या भावांना जवळजवळ बरोबरीनं गाठत होता. आणि लहान मुलांचा आजार निम्म्या जोड्यांत एका भावाला हातही लावत नव्हता. हे दोन वेगळे आजार आहेत हा विचार १९७०च्या दशकात पक्का झाला, तो काही एकट्या जुळ्यांमुळे नाही. टाइप १मध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते, याचे पुरावे त्याच काळात रक्तातल्या प्रतिपिंडांतून मिळत होते. पण डॉक्टरांच्या मनातली जुनी उतरंड उलटीपालटी करायचं काम या दोनशे जोड्यांनी फार परिणामकारकपणे केलं.

आता फसवणुकीचा पहिला भाग. ५३पैकी ४८ म्हणजे ९१ टक्के. हा आकडा पुढे वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरला आणि ‘टाइप २ जवळजवळ पूर्ण आनुवंशिक’ हे वाक्य त्याच्यावर उभं राहिलं. पण या जोड्या आल्या कशा, ते पाहा. डॉक्टरांनी कळवलं म्हणून आल्या. दोन्ही जुळ्या भावांना मधुमेह असेल तर तो डॉक्टर चकित होतो, लक्षात ठेवतो, लंडनला पत्र टाकतो. एकालाच असेल तर त्या रुग्णाला एक जुळा भाऊही आहे, हे कित्येकदा डॉक्टरला माहीतच नसतं. खुद्द किंग्जच्या मंडळींना या उणिवेची जाणीव होती; ज्यांनी आकडा उचलला त्यांना ती राहिली नाही.

याला उतारा एकच: आजार पाहून जुळी न शोधता आधी सगळी जुळी गोळा करायची, मग त्यांच्यात आजार शोधायचा. त्यासाठी देशभरच्या जन्मनोंदी चोख लागतात आणि त्या स्कँडिनेव्हियात होत्या. डेन्मार्कनं १९५४मध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि मागे जात जात १८७०पासून जन्मलेली जुळी तिच्यात भरली. पॅरिशच्या चोपड्या उलगडून, पत्ते शोधून, पत्रं पाठवून केलेलं हे काम आहे आणि माझ्या मते या साऱ्या कहाणीतले खरे नायक ते कारकून आहेत. फिनलंडनंही १९७०च्या दशकात आपला जुळ्यांचा गट बांधला. १९९२मध्ये याको काप्रिओ आणि सहकाऱ्यांनी फिनलंडच्या १३,८८८ जोड्या रुग्णालयांच्या आणि औषधांच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिल्या. टाइप २ मधुमेहाच्या एकबीज जोड्यांपैकी दोघंही आजारी असलेल्या निघाल्या २० टक्के, द्विबीज ९ टक्के. लंडनच्या ९१ टक्क्यांसमोर हे २० टक्के.

हे २० टक्के जोड्या मोजून आले आहेत. रुग्ण मोजले तर त्याच माहितीतून ३४ टक्के येतात. दोन्ही बरोबर, मग फरक कुठून? समजा शंभर जोड्या आहेत आणि त्यातल्या २० जोड्यांत दोघंही मधुमेही आहेत. जोड्यांच्या हिशेबानं २० टक्के. पण रुग्ण किती? वीस जोड्यांतले ४० आणि उरलेल्या ऐंशींतले ८०, मिळून १२०. यातल्या ४० जणांचं जुळं भावंडही आजारी, म्हणजे तेहतीस टक्क्यांच्या वर. ज्याला मधुमेह झाला आहे तो जेव्हा विचारतो की माझ्या जुळ्या भावाचं काय, तेव्हा त्याला दुसरा हिशेब हवा असतो. या पुस्तकात जिथे दुसरं काही म्हटलेलं नाही तिथे रुग्ण मोजूनच टक्के दिले आहेत. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत मात्र हे कधीच सांगितलेलं नसतं, एवढं लक्षात असू द्या.

शिवाय काळाचा प्रश्न. पंचेचाळिसाव्या वर्षी धडधाकट असलेला भाऊ साठाव्या वर्षी मधुमेही असू शकतो, म्हणून ‘एकालाच’ या शब्दात एक न उच्चारलेला ‘अजून’ दडलेला असतो. ब्रिटिश जुळ्यांपैकी जुळं भावंड मधुमेही असूनही ज्यांना स्वतःला टाइप २ झाला नव्हता अशांचा पुढे पंधरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा त्यांतले बहुतेक जण हळूहळू त्याच वाटेनं गेले. टाइप १मध्येही २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाठपुराव्यात, मधुमेही जुळ्यांच्या ८३ एकबीज भावंडांपैकी साठीपर्यंत सुमारे ६५ टक्के जणांना आजार होईल असं दिसलं. लहान मुलांचा म्हणवणारा आजार जुळ्या भावाला चाळिशीतही गाठू शकतो, हे त्यातून कळलं.

आणि आता या विषयाची गाठ. २००३मध्ये फिनलंडमधल्या २२,६५० जोड्यांवरचा टाइप १चा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकबीज जुळ्यांपैकी एक आजारी असेल तर दुसरा आजारी असण्याचं प्रमाण ४२.९ टक्के, द्विबीज जुळ्यांत ७.४ टक्के. त्यावरून काढलेला आनुवंशिकतेचा टक्का आला ८८. वाचक इथे अडखळतो आणि अडखळायलाच हवं. निम्म्याहून जास्त एकबीज भावंडं निरोगी राहतात, मग आजार ८८ टक्के आनुवंशिक कसा?

याचं उत्तर एडिंबराच्या डग्लस फाल्कनर यांनी १९६०च्या दशकात घालून दिलेल्या मांडणीत आहे. १९६७चा त्यांचा निबंध खास मधुमेहावरच होता. आजार आहे किंवा नाही, असं दोन टोकांचं चित्र आपल्याला दिसतं. फाल्कनर म्हणाले की त्याच्या मागे न दिसणारी एक सलग प्रवणता आहे. ती कमीजास्त प्रमाणात प्रत्येकात असते आणि एका उंबरठ्यापलीकडे गेली की आजार दिसू लागतो. टक्का काढायचा तो आजाराचा नाही, या प्रवणतेचा. टाइप १ दुर्मीळ आहे. जगात सर्वाधिक प्रमाण असलेल्या फिनलंडमध्येही शंभरातल्या फार तर एखाद्याला होणारा. इतका दुर्मीळ आजार जुळ्या भावाच्या बाबतीत एकदम ४३ टक्क्यांवर जातो, म्हणजे दोघांची प्रवणता विलक्षण जवळजवळ असली पाहिजे. दोघंही उंबरठ्यापाशीच उभे आहेत. एक ओलांडून गेला, दुसरा टेकून उभा राहिला. ओलांडायला किती थोडं निमित्त पुरलं, हे त्या टक्क्यात दिसत नाही.

आता याच्या शेजारी फिनलंडचाच दुसरा आकडा ठेवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांत टाइप १चे नवे रुग्ण १९८०मध्ये दर लाख मुलांमागे सुमारे ३१ होते. २००५मध्ये ६४. पंचवीस वर्षांत दुप्पट. एका पिढीत देशाची जनुकं बदलत नाहीत. म्हणजे ज्या देशात हा आजार ८८ टक्के आनुवंशिक ठरला, त्याच देशात, त्याच काळात तो जनुकांखेरीज दुसऱ्या कशामुळे तरी दुपटीनं वाढला. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांच्यात विरोधही नाही. विरोध वाटतो, कारण आनुवंशिकतेचा टक्का म्हणजे ‘आजाराचा किती भाग जनुकांमुळे’ असं आपण समजतो. तो टक्का भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे: या लोकसमूहात, या काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकानं स्पष्ट होतो?

कोकणातली बाग डोळ्यांसमोर आणा. एकाच मातृवृक्षावरून बांधलेली हापूसची शंभर कलमं आहेत. त्यांची जनुकं सारखीच, त्यामुळे या झाडाचा आंबा मोठा आणि त्या झाडाचा लहान, असा जो काही फरक पडेल तो माती, पाणी, ऊन यांचा. त्या बागेत फळाच्या आकाराची आनुवंशिकता शून्य, आणि तरीही हापूस हापूसच लागतो तो जनुकांमुळेच. आता शेजारी सारख्या मातीत, सारख्या पाण्यावर शंभर रायवळ कोयी लावा. तिथे फळाफळांतला फरक जवळजवळ सगळा बीजाचा. टक्का शंभराच्या जवळ जाईल. पण एखाद्या वर्षी अवेळी पावसानं मोहोर झडला तर या शंभर टक्क्यांच्या बागेतलं पीकही बुडेल. फिनलंडच्या मुलांवर असा कुठला पाऊस पडला, ते अजून पक्कं कळलेलं नाही. विषाणू, आतड्यातले जिवाणू, वाढीचा वेग, अशा कारणांवर काम चालू आहे. तो पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला असेल, तर माणसामाणसांतला फरक मोजणाऱ्या या टक्क्यात तो उमटणार नाही.

टाइप २च्या बाबतीत टक्का किती लवचीक आहे याचं उदाहरण डेन्मार्कमध्ये मिळतं. पेर्निल पोल्सेन आणि आलन वाग यांच्या गटानं ५५ ते ७४ वर्षांच्या ३०३ जोड्यांना साखरेचं पाणी पाजून तपासलं; १९९९मध्ये निष्कर्ष आले. मधुमेह हीच कसोटी धरली तर एकबीज ५० टक्के, द्विबीज ३७ टक्के, आणि आनुवंशिकता २६ टक्के. त्याच माणसांत साखर थोडी बिघडलेल्यांनाही धरलं की आनुवंशिकता ६१ टक्के. माणसं तीच, रक्त तेच, फक्त रेघ सरकली. पुढे २०१५मध्ये अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र करून ३४,१६६ जोड्यांचा हिशेब झाला आणि टक्का ७२ आला. कुणी ‘मधुमेह इतके टक्के आनुवंशिक आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर कुणाच्यात, कुठल्या वयात आणि रेघ कुठे ओढून, असं विचारायला हरकत नाही.

जनुकं शोधणाऱ्यांनाही या टक्क्यांनी बरंच छळलं आहे. २००६मध्ये आइसलंडच्या संशोधकांना टाइप २शी संबंधित एक महत्त्वाचं जनुक सापडलं. त्यानंतर शोधांची रांग लागली. २०१८मध्ये सुमारे ९ लाख युरोपीय वंशाच्या लोकांची जनुकं तपासून ४०० हून अधिक खुणा सापडल्या, आणि जनुकसंचभर तपासलेले सगळे जनुकीय फरक मिळून धोक्यातला १८ टक्के फरक उलगडला. जुळ्यांनी ७२ म्हणायचं आणि जनुकशोधकांनी १८. उरलेलं अंतर काही प्रमाणात दुर्मीळ आणि अतिसूक्ष्म परिणामांच्या जनुकांचं असेल. काही प्रमाणात मात्र दोष ‘असं धरायचं’ या दोन शब्दांचा असणार. एकबीज जुळ्यांना एकसारखे कपडे घालतात, एका बाकावर बसवतात, त्यांची दोस्तमंडळी एकच असते. द्विबीज जुळ्यांचं, विशेषतः बहीणभाऊ असतील तर, तसं नसतं. म्हणजे परिस्थितीचं साम्यही एकबीज जुळ्यांत जास्त असू शकतं आणि ते चुकून जनुकांच्या खात्यावर जमा होतं. उलट गर्भाशयात कित्येकदा त्यांच्यातच विषमता जास्त असते: एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्या एकच वार वाटून घेतात आणि ती वाटणी समसमान असेलच असं नाही. त्रुटी दोन्ही दिशांना ओढते. एकूण गोळाबेरीज कुठे जाते, यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि पुढल्या दोन प्रकरणांत ते आले आहेत.

हे सगळं वाचून जुळ्यांचे अभ्यास निकामी आहेत असं वाटत असेल, तर मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. जुळ्यांनी मधुमेहाबद्दल आपल्याला जे शिकवलं त्यात टक्का ही सर्वांत कमी मोलाची गोष्ट आहे. मोल आहे ते वेगळ्या निघालेल्या जोड्यांना. जनुकं सारखी आणि तरी एकालाच आजार: जनुकांचं खातं बंद करून उरलेल्या कारणांकडे पाहायची अशी संधी दुसरीकडे सहजी मिळत नाही.

मिनेसोटा विद्यापीठात १९८०च्या दशकात डेव्हिड सदरलँड आणि जॉन नाजारियन यांनी केलेल्या शस्त्रक्रिया हे याचं सर्वांत थरारक उदाहरण. अनेक वर्षं टाइप १ असलेल्या रुग्णाला त्याच्या निरोगी एकबीज भावंडाच्या स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग बसवला. जनुकं सारखी असल्यामुळे शरीर तो अवयव परका म्हणून नाकारणार नव्हतं, त्यामुळे सुरुवातीच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जवळजवळ दिलीच नाहीत. इन्सुलिनची सुई सुटली. काही आठवड्यांतच साखर पुन्हा चढली. बसवलेल्या तुकड्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अवयव शाबूत होता. बाकी पेशी जागेवर होत्या आणि फक्त बीटा पेशी वेचून मारलेल्या होत्या. ज्या पेशी एका भावाच्या शरीरात इतकी वर्षं सुखानं राहिल्या होत्या, त्या दुसऱ्याच्या शरीरात महिना-दोन महिन्यांत संपल्या. टाइप १मध्ये दोष स्वादुपिंडाच्या नाजूकपणात नसून संरक्षक पेशींच्या स्मृतीत आहे, याचा इतका थेट पुरावा माणसात क्वचितच मिळाला असेल. पुढच्या रुग्णांना औषधं दिली, तेव्हा तुकडे टिकले.

मग एका भावाच्या संरक्षक पेशी बिथरल्या आणि दुसऱ्याच्या नाहीत, असं का? इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शत्रू ओळखणारे, टी पेशी नावाच्या संरक्षक पेशींवरचे ग्राहक आपल्याला आईवडिलांकडून तयार मिळत नाहीत. जनुकांचे तुकडे प्रत्येक पेशीत नव्यानं, बऱ्याच अंशी यदृच्छेनं जोडून ते घडतात. त्यामुळे एकबीज जुळ्यांचं हे सैन्यही एकसारखं नसतं. म्हणजे ज्याला आपण ‘परिस्थिती’ म्हणून एका पोत्यात भरतो, त्यात आहार आणि विषाणूंबरोबर निव्वळ योगायोगही असतो. आईनं गरोदरपणी काय खाल्लं, मुलाला काय भरवलं यात दोष शोधत बसलेल्या पालकांना कुणीतरी हे समजावून सांगायला हवं.

टाइप २च्या वेगळ्या निघालेल्या जोड्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. १९९७मध्ये पोल्सेन, वाग आणि सहकाऱ्यांनी डॅनिश जुळ्यांची जन्मवजनं सुईणींच्या जुन्या नोंदींतून काढली. ज्या एकबीज जोड्यांत एकालाच मधुमेह झाला होता, तिथे मधुमेही झालेला भाऊ जन्मताना दुसऱ्यापेक्षा सरासरीनं हलका होता. कमी वजनाच्या बाळांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स सांगत होतेच. त्यावर प्रतिवाद असा होता की इन्सुलिन कमी पाडणारी जनुकंच गर्भाची वाढ खुंटवत असतील आणि पुढे मधुमेहही देत असतील. गर्भाशयाला दोष कशाला? प्रतिवादात तथ्य आहे, काही जनुकांबाबत ते सिद्धही झालं आहे. पण एकबीज भावांत ते लागू पडत नाही. जनुकं सारखी असताना जो वारेच्या अपुऱ्या वाटणीत हलका राहिला, त्याच्याच वाट्याला साठीत मधुमेह आला.

हा धागा पुण्यापर्यंत येतो. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. वजन एवढं कमी, पण त्या मानानं चरबी टिकून. कमी पडले ते स्नायू आणि पोटातले अवयव. हडकुळं तरी चरबीदार असं हे बाळ पुढे वाढून कसं दिसतं? २००४मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एकत्र फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना तरुणपणीच शुगर का होते, याचं इतकं थेट चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुण्याच्या अभ्यासात जुळी नाहीत आणि या प्रस्तावनेतले जुळ्यांचे जवळपास सगळे आकडे उत्तर युरोपातले आहेत. टक्का लोकसमूहाचा असतो हे एकदा मान्य केलं, की फिनलंडचे ८८ किंवा डेन्मार्कचे २६ उचलून शिरूर किंवा सावंतवाडीला लावता येत नाहीत. जनुकं निराळी, आयांचं पोषण निराळं, आणि दोन पिढ्यांत पालटलेलं राहणीमान तर फारच निराळं. डॅनिश जुळ्यांकडून घेण्यासारखी आहे ती विचारायची पद्धत: जनुकं बाजूला ठेवली तर फरक कशानं पडला? पुण्यात या प्रश्नाचा पाठपुरावा वेगळ्या साधनांनी झाला. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. आपल्याकडच्या शाकाहारी आणि गरीब, दोन्ही प्रकारच्या स्वयंपाकघरांत बी-१२ची चणचण जुनीच आहे.

त्याच गावांतली ती मुलं पुढे वयात आली. २०१२पासून त्यांच्यावर एक चाचणी सुरू झाली: स्वतः आईबाप व्हायच्या आधीच काहींना बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकं द्यायची, काहींना नाही, आणि मग त्यांची बाळं तपासायची. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या चाचणीवर आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी ते आधी वाचलं तरी चालेल. टक्क्यांचं गणित मधल्या प्रकरणांत आहे, आणि पेन्सिल घेऊन बसलात तर ते एका दुपारचं काम आहे.